धक्का म्हणजे किती

अमरावतीहून अकोल्याला जाणाऱ्या एसटीत, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या बरोबर मध्ये येणाऱ्या बाकावर, मांडीवरची दुपट्ट्यात गुंडाळलेली एक गोल डबी दोन्ही तळहातांवर तोलून धरणारा, कानांत वायरी खुपसलेला एक म्हातारा तुम्हाला दिसला असेल. आणि गाडी खड्ड्यात आदळल्यावर तो मोठ्यांदा "उडली" असं म्हणाला असेल, तर ते आमचे भुयारभाऊ. कानात वायरी असल्यामुळे आपण केवढ्यांदा बोलतो हे त्यांना कळत नाही. पहिल्यांदा "उडली" ऐकून अख्खी बस मागे वळून बघते. मूर्तिजापूर येईपर्यंत लोकांना सवय होते, आणि त्यानंतर एखादा खड्डा "उडली"शिवाय गेला तर त्यांनाच चुकल्यासारखं वाटतं.

उडते ती सीडी. ती गोल डबी म्हणजे खिशात न मावणारं पण हातात धरून ऐकायचं जुनं यंत्र. मोबाइल यायच्या आधी कॉलेजातली पोरं ते कमरेला लावून फिरायची. आत तबकडी गरगर फिरते, खालून एक उजेडाचा ठिपका ती वाचत जातो, आणि कुणी धक्का दिला की ठिपका भलतीकडे सरकतो. मग गायक पहिल्या कडव्यातून थेट तिसऱ्यात पोचतो, नाहीतर एकाच शब्दावर अडून बसतो. पुढे कंपन्यांनी यावर उपाय काढला. यंत्र थोडं गाणं आधीच वाचून पोटात साठवून ठेवायला लागलं आणि धक्का बसला की त्या साठ्यातलं वाजवायला लागलं. अकोल्याच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. नळ कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून घरोघरी टाक्या आहेत; तसंच हे.

भुयारभाऊंच्या यंत्राला ही टाकी नव्हती. ती नव्हती म्हणूनच त्यांना ते प्रिय होतं, आणि हे कोडं आमच्या कॉलनीत कुणालाच सुटत नव्हतं.

मी त्यांचा शेजारी. आमच्या दोन घरांमध्ये एक भिंत आणि एक कढीपत्त्याचं झाड आहे, आणि झाड त्यांचं की आमचं हा प्रश्न दोघांनीही कधी काढला नाही. भाऊ वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानांतून फिरून काटे तपासायचे, मापं तपासायची, खरी असतील तर शिक्का मारायचा, नसतील तर जप्त करायची, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तरी बाजारात त्यांना पाहताच भाजीवाल्या बाया विचारायच्या आत पारडं उलटं करून दाखवतात. "काटा खरा पायजे" हे त्यांचं पालुपद. माणसांनाही ते काट्यासारखंच जोखतात. माझ्या मेहुण्याला एकदाच भेटले आणि म्हणाले, "मानूस चांगला आहे, पन शून्यावर येत नाही." मेहुण्याच्या सासरी, म्हणजे आमच्याच घरी, ते वाक्य आजही वापरात आहे.

त्यांच्या बायकोला, सुमनवहिनींना, जोखायचं काम मात्र त्यांनी कधी केलं नसावं. वहिनींचंही एक पालुपद होतं. "काही नाही जी." हात भाजला, काय झालं? काही नाही जी. पाणी भरून दमल्या, चेहरा उतरला, बरं नाही का? काही नाही जी. त्या इतक्या सहज म्हणायच्या की समोरच्याला खरंच काही नाही असं वाटायचं. एका दिवाळीनंतर त्या लेकीकडे, मीनाकडे अकोल्याला गेल्या आणि तिथे एका सकाळी पलंगावरून उठल्याच नाहीत. मणक्याचं ऑपरेशन करावं लागलं. डॉक्टर म्हणाले, हे दुखणं आजचं नाही, बाईंनी वर्षानुवर्षं अंगावर काढलेलं आहे. ऑपरेशन नीट झालं, पण मुक्काम अकोल्यालाच पडला. भाऊ इकडे एकटे.

एकटं राहायला लागल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी कपाटाच्या तळातून ती डबी बाहेर काढली आणि गावभर हिंडायला सुरुवात केली.

कॉलनीला विषय मिळाला. बायको तिकडे अंथरुणाला खिळलेली आणि हा बाबा कानात गाणी घालून एसटीची हवा खातोय. आमच्या हिचं मत तर फारच स्पष्ट होतं. म्हातारपणी पुरुष मोकळा सुटला की असंच होतं, असं ती माझ्याकडे बघत म्हणाली. मी तेव्हा वर्तमानपत्र वाचत होतो, आणि वाचतच राहिलो.

भाऊ नुसते अकोल्याला गेले असते तर एक वेळ समजलं असतं. पण ते परतवाड्याला गेले, मोर्शीला गेले, एकदा तर परतवाड्याहून पुढे मेळघाटाकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसले आणि पुढच्याच गावाला उतरून परत आले. मी विचारलं, तिकडे काय काम होतं? म्हणाले, "रस्ता लय खराब आहे ना, म्हनून गेलतो." खराब रस्त्यासाठी मुद्दाम प्रवास करणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. माझा चेहरा बघून त्यांनी समजावलं की काटा तपासायचा तर आधी त्यावर जड वजन ठेवून बघावं लागतं. मी मान हलवली. मला काहीही समजलं नव्हतं.

एसटीतून उतरताना ते ड्रायव्हरच्या केबिनपाशी थांबायचे. एका ड्रायव्हरला म्हणाले, "बोरगावच्या पुढं तुमी एकदाही उडू देलं नाही. आभारी आहो." त्याला वाटलं म्हातारा टोमणा मारतोय. दुसऱ्याला त्यांनी सांगितलं की तुमचा ब्रेक चांगला आहे पण पायात घाई आहे. तो काय म्हणाला ते इथे लिहिण्यासारखं नाही. रेल्वेही त्यांनी सोडली नाही. बडनेऱ्याहून अकोल्याला गेले आणि खूश होऊन आले, गाडीत अजिबात उडत नाही म्हणे. मग एकदम गंभीर झाले. "पन स्टेशनच्या जिन्यावर उडते. हरेक पायरीले." जिन्यावर चढताना सीडी ऐकायची गरजच काय, असं मी विचारलं. त्यांनी डबी पुन्हा दुपट्ट्यात गुंडाळली.

सगळ्यावर कडी केली ती अॅम्ब्युलन्सने. एका ओळखीच्या चालकाला गाठून त्यांनी गावातल्या गावात एक फेरी मारायला लावली. स्ट्रेचरवर डबी ठेवली, शेजारी स्वतः बसले. चालकाने विचारलं, पेशंट कुठे आहे? हे म्हणाले, मागून येईल. फेरीनंतर निकाल दिला की गाडी ठीक आहे, पण चालवणाऱ्याला हळू जाण्याची सवयच नाही, त्याचा धंदाच घाईचा. ही हकीगत कॉलनीत पोचली तेव्हा भाऊंच्या डोक्यावर परिणाम झाल्याचं जवळजवळ सर्वानुमते ठरलं.

मला त्यांची दया आली. आमच्या माळ्यावर माझ्या मुलाचं तसलंच यंत्र पडून होतं. बरंच नंतरचं, पोटात टाकीवालं. सेल घालून बघितलं तर चालू होतं. मी ते भाऊंना नेऊन दिलं आणि मोठ्या अभिमानाने सांगितलं की हे घेऊन बैलगाडीत बसलात तरी गाणं उडणार नाही. ते घेऊन भाऊ परतवाड्याला जाऊन आले आणि संध्याकाळी कढीपत्त्याच्या झाडाजवळ, भिंतीवरून ते मला परत केलं.

"खोटाडं आहे हे," ते म्हणाले.

मी म्हटलं, उडालं का?

"नाही ना उडलं. तेच त म्हन्तो मी. धक्का बसते त्याले. आपल्याएवढाच बसते. पन आतल्या आत गिळते अन् आपल्याले गोड गोड वाजवून दाखवते." त्यांनी यंत्राकडे असं पाहिलं की मलाच त्याच्याबद्दल वाईट वाटलं. "असं मशीन घरात असू नये, मास्तर. मानूस बेसावध राहते."

मी शाळेत भूगोल शिकवायचो, म्हणून मास्तर. एवढा भूगोल शिकवून मला समोरच्या माणसाच्या मनाचा नकाशा काही वाचता आला नाही. मी हसलो आणि यंत्र परत माळ्यावर टाकलं.

मग गादीचं प्रकरण झालं. चौकातल्या रफिकभाईंचं गादी भरायचं दुकान आहे. भाऊंनी त्यांच्याकडून मोटारीच्या मागच्या सीटवर बसेल अशी जाड गादी करून घेतली, आणि ती एकदा नाही, पुन्हा पुन्हा उसवून. कधी कापूस कमी, कधी जास्त. रफिकभाई मला रस्त्यात अडवून सांगायला लागले, "मास्तरसाब, भुयारसाब गादी पे वो डब्बा रखे और मेरे को बोले, बाजू में कूदो. मेरी उमर है क्या कूदने की?" मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत? ते म्हणाले, "कूदा ना. वो इतने दिल से बोले, कैसे ना कूदता."

त्यानंतरच्या रविवारी भाऊ आमच्याकडे आले. चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले की उद्या तुमची गाडी घेऊन अकोल्याला जायचं आहे, आणि चालवायची तुम्हीच. माझ्यापेक्षा चांगला चालवणारा ड्रायव्हर भाड्याने मिळेल, असं मी सुचवलं. त्यांनी मान हलवली. मागे ते माझ्या गाडीतून दोनदा बाजारात आले होते, दोन्ही वेळा मांडीवर डबी होती. मला वाटलं होतं, सोबत म्हणून आले. ती माझी परीक्षा होती, हे आता कळलं.

"तुमी पास आहा," ते म्हणाले. "तुमच्याइतकी भित्री गाडी सारी अमरावतीत कोनी चालवत नाही."

आमची ही आतून हसली. तिच्या मनातलं कुणीतरी शेवटी बोललं होतं.

सकाळी निघालो. मागच्या सीटवर रफिकभाईंची गादी, तिच्यावर ती डबी, आणि पुढे माझ्या शेजारी कानात वायरी घातलेले भाऊ. लांब वायर त्यांनी खास जोडून घेतली होती. बडनेऱ्याच्या पुढे मोठा रस्ता छान आहे. भाऊंचे ओठ पुटपुटत होते. मला वाटलं, जुनं गाणं असेल, आवडीचं असेल. मूर्तिजापूरला चहाला थांबलो, भाऊ पाणी प्यायला उतरले, आणि मला राहवलं नाही. मी एक वायर कानाला लावली.

आत एक बाई लहान मुलांना शिकवण्याच्या सुरात म्हणत होत्या, "तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस, तेरा त्रिक एकोणचाळीस."

मी दुसरी वायरही लावली. तिच्यातही तेच होतं. आमच्या कॉलनीने ज्या माणसाला म्हातारपणी रंगेल ठरवलं होतं, तो इतके दिवस एसटीतून, जीपमधून, अॅम्ब्युलन्समधून पाढे ऐकत फिरत होता.

भाऊ परत आले. माझ्या कानातल्या वायरी बघून त्यांना राग आला नाही. "नातवाची आहे सीडी," म्हणाले. "गान्यात किती उडलं ते समजत नाही. गानारे तसेही तेच ते म्हन्तात. पाढ्यात कसं, दुणेवरून चोकवर गेलं त लहान धक्का, दुणेवरून सातेवर गेलं त मोठा. चोरी लपत नाही."

पण कशासाठी, असं मी विचारलं, आणि ते चहाच्या टपरीसमोरच्या बाकड्यावर बसून बोलायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं होतं की वहिनींना आता घरी न्यायला हरकत नाही, फक्त प्रवासात धक्का बसू देऊ नका. यांनी विचारलं, धक्का म्हणजे किती? डॉक्टर हसले, म्हणाले, काका, ते कसं सांगणार? जन्मभर काटे तपासलेल्या माणसाला हे ऐकवलं नाही. मोजमाप नाही आणि सल्ला देतात. वहिनींना विचारावं, तर त्या सांगणार नाहीत. मीनाच्या घरी कूस बदलतानासुद्धा त्यांचा चेहरा कसानुसा व्हायचा आणि तोंडाने मात्र काही नाही जी.

"तुमचं ते टाकीवालं मशीन होतं ना," भाऊ म्हणाले, "तसं माह्या घरात एक होतंच, मास्तर. सारा संसार धक्के खाल्ले तिनं, अन् मले गोड गोड वाजवून दाखवलं. मी लोकायचे काटे पकडत फिरलो. घरचा मले दिसला नाही." त्यांनी कप बाकड्यावर ठेवला. "मंग म्या ठरवलं, तिले विचाराचंच नाही. असं मशीन घ्याचं, जे लागलं की लागलं म्हन्ते. ज्या गाडीत पाढा उडत नाही, त्या गाडीत तिले आनाचं."

मी चहाचे पैसे द्यायला उठलो, ते त्यांनी आधीच दिले होते.

अकोल्याला पोचेपर्यंत पाढा एकदाही उडला नाही. मीनाच्या गल्लीत मी इतक्या हळू गाडी घातली की एक सायकलवाली मुलगी आम्हाला ओलांडून गेली. वहिनी वाळल्या होत्या, पण उभ्या राहत होत्या. गादी बघून लाजल्या. एवढं कशाला, काही नाही जी, असं म्हणत म्हणतच मीनाच्या आधाराने मागच्या सीटवर आडव्या टेकल्या. डबी त्यांच्या पायाशी ठेवली. भाऊ पुढे बसले, कानात वायरी, आणि निघालो.

सगळं नीट चाललं होतं. पाढे एकामागून एक पूर्ण होत होते, आणि दर पाढ्याच्या शेवटी भाऊ मला बोट वर करून दाखवत होते. बोरगाव गेलं, मूर्तिजापूर गेलं. भाऊंच्या चेहऱ्यावर आता शिक्का मारायला निघालेल्या साहेबाचा थाट आला होता. बडनेऱ्याजवळ आलो आणि कुठून कोण जाणे, एक बकरी रस्त्यात आली. मी ब्रेक दाबला. गाडी थबकली, एक चाक कडेच्या खड्ड्यात गेलं आणि वर आलं.

"उडली," भाऊ ओरडले. मागे वळले. "लागलं का वं?"

"काही नाही जी," वहिनी म्हणाल्या.

"दुणेवरून थेट सातेवर गेली."

"मशीनले काय समजते? मले काही नाही झालं."

"मशीनले समजते तेवढं मशीन सांगते," भाऊ म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "तू सांगत नाहीस. म्हनून म्या हे घेऊन पागलासारखा फिरून राह्यलो, सुमन. आता त सांग."

त्यांनी वहिनींना नावाने हाक मारलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती. बकरी जाऊन पलीकडच्या बाभळीखाली चरायला लागली होती.

"लागलं," वहिनी म्हणाल्या. "लय लागलं. कमरेपासून टाचेपर्यंत कळ गेली." मग त्या म्हणाल्या, "आताच नाही. बोरगावच्या आधीपासून लागून राह्यलं."

बोरगावच्या आधीपासून. म्हणजे यंत्र उडलं नव्हतं, पाढे पूर्ण होत होते, भाऊ मला बोट दाखवत होते, आणि मागे वहिनींना लागत होतं. परतवाड्याची जीप, स्टेशनचा जिना, रफिकभाईंची उडी, सगळं करून तयार केलेला काटा खोटा निघाला होता. मला भाऊंकडे बघवेना.

भाऊंनी कानातल्या वायरी काढल्या. दार उघडून मागे गेले, वहिनींच्या पायापाशी गादीच्या काठावर जेमतेम बसले, डबी बंद केली आणि पुढे माझ्या शेजारच्या सीटवर टाकून दिली. इतके दिवस ज्या यंत्राला त्यांनी तळहातावर झेललं, ते धप्पकन पडलं आणि त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"काही कामाचं नाही हे," ते म्हणाले. मग वहिनींचे पाय उचलून त्यांनी मांडीवर घेतले. "आता तूच सांगत जा. लागलं की म्हनाचं, उडली. मास्तर हळू करतीन."

वहिनी पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा आवाज इतका बारीक होता की मला ऐकूच आला नाही, भाऊंना सांगावं लागलं. दुसऱ्यांदा मला ऐकू आला. अमरावती लागेपर्यंत त्या चांगल्या खणखणीत आवाजात म्हणायला लागल्या. खड्ड्याला म्हणाल्या, वळणाला म्हणाल्या, मी हॉर्न वाजवला तेव्हाही म्हणाल्या. मध्येच मला म्हणाल्या की भाऊजी, एवढे गचके देत गाडी चालवता, वर्गात पोरं कसे झोपत होते तुमच्या? माझ्या भित्र्या गाडीला इतकं कुणी कधी बोललं नव्हतं. आरशात पाहिलं, तर भाऊ त्यांच्या टाचा दाबत होते आणि त्यांचे डोळे ओले झाले होते. बायको दुखतंय म्हणाली म्हणून सुखावलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

आमच्या कॉलनीच्या तोंडाशी लोकांनी हौसेने घातलेला एक उंच गतिरोधक आहे. त्याच्यापाशी येऊन मी गाडी पूर्ण थांबवली, गिअर बदलला, श्वास घेतला.

"उडली," मागून वहिनी म्हणाल्या.

गाडी अजून गतिरोधकावर चढलीही नव्हती. मी मागे वळून भाऊंकडे पाहिलं. आयुष्यात ज्याने एकही खोटं माप पास केलं नाही, तो माणूस बायकोचे पाय आणखी जवळ ओढून घेत म्हणाला, "बरोबर आहे."